मॅनेजरला अर्धी गोळी

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर भिंगवाल्यांनी ठरवलं, की मॅनेजरच्या पायाचं आपणच बघून टाकू. एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टर कशाला?

मॅनेजर म्हणजे त्यांच्या घरची मांजर. करड्या रंगाची, चार किलो वजनाची. स्वतः काडीचं काम करायचं नाही आणि दुसऱ्याच्या कामावर जाऊन बसायचं, ही तिची पद्धत बघून बायकोने तिला हे पद बहाल केलं होतं. आणि भिंगवाले म्हणजे औषधांची खोकी, गोळ्यांच्या पाकिटांचा मागचा कागद नि माहितीपत्रकं छापणाऱ्या एका छापखान्यातले मुद्रितशोधक. गेली बावीस वर्षं ते भिंग डोळ्याला लावून पत्रकं तपासत होते, त्यामुळे छापखान्यात त्यांना याच नावाने ओळखत. घरापर्यंत ते नाव कसं पोचलं, याचा शोध मात्र त्यांना अजून लागला नव्हता.

बावीस वर्षं औषधांची पत्रकं वाचली की माणूस अर्धा डॉक्टर होतो, असं त्यांचं ठाम मत होतं. (वाचायचे म्हणजे एखादं टिंब उडालंय का, ओळ वाकडी गेलीय का, एवढंच बघायचे. पत्रकात लिहिलंय काय, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी अक्षराचा आकार सांगितला असता.) बेडरूममधल्या कपाटाचा वरचा खण हा त्यांचा दवाखाना. छापखान्यात खोक्याचं माप बघायला आलेली आणि नंतर पडून राहिलेली गोळ्यांची पाकिटं ते रीतसर परवानगी काढून घरी आणायचे आणि कुणी नुसतं कण्हलं तरी खण उघडायचे.

त्या दिवशी सकाळी मॅनेजरने फ्रिजवरून उडी मारली, ती चुकली, आणि तेव्हापासून ती पुढचा उजवा पाय उचलून लंगडत होती. बायको बहिणीकडे सामान हलवायला निघाली होती. जाताना तिने बजावलं, "संध्याकाळी मी आले की दवाखान्यात नेऊ. तोवर तुम्ही काही करू नका."

'तुम्ही काही करू नका' हे वाक्य भिंगवाल्यांना लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून टोचत आलं होतं. ते उठले आणि त्यांनी खण उघडला.

अंगदुखी आणि तापावरच्या पॅरासिटामॉलचं खोकं वरच होतं. जबाबदार माणूस म्हणून त्यांनी आधी आतलं पत्रक वाचलं. यकृताच्या रुग्णांनी जपून घ्यावं, मद्यपान करणाऱ्यांनी जपून घ्यावं, गरोदर स्त्रियांनी विचारून घ्यावं. मॅनेजर यातल्या कशातच बसत नव्हती. मांजरांना देऊ नये असं तर कुठेच छापलेलं नव्हतं, आणि जे छापलेलं नाही ते अस्तित्वात नाही, या श्रद्धेवर त्यांची बावीस वर्षं सुखात गेली होती. तरी मांजर लहान, म्हणून त्यांनी अर्धीच गोळी काढली. आपल्या या सावधपणाचं त्यांना फार कौतुक वाटलं.

पहिल्यांदा त्यांनी गोळी माशाच्या तुकड्यात दडवली. मॅनेजरने मासा खाल्ला आणि गोळी चाटूनपुसून बशीत ठेवली. मग लोणी लावून बघितली. लोणी गेलं, गोळी राहिली. शेवटी त्यांनी तिला टॉवेलात गुंडाळलं, मांडीत दाबून धरलं आणि गोळी थेट घशात सारली. यात त्यांचं एक बोट, दोन्ही मनगटं आणि चष्म्याची एक काडी कामी आली. पण गोळी गेली. गिळताना घसा हललेला त्यांनी स्वतः पाहिला, आणि तोंड उघडून खात्रीही केली.

साडेचारला बायको आली. भिंगवाले दारातच उभे होते.

"दवाखान्यात जायची गरज नाही. मी औषध दिलंय."

"कुणाला?"

"मॅनेजरला. पॅरासिटामॉल. फक्त अर्धी हं."

बायकोच्या हातातली पिशवी खाली पडली.

"अहो, विष आहे ते मांजराला!"

"पत्रकात तसं काही—"

"पत्रक माणसांचं असतं! आणि डॉक्टरबाईंच्या भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लावलंय, माणसांची दुखण्याची गोळी मांजराला कधीही देऊ नका, म्हणून. मागच्या वेळी तुम्ही त्याच्यासमोर तासभर बसला होतात. वाचलं नाहीत?"

"वाचलं ना," भिंगवाले हळू आवाजात म्हणाले. "त्यात दोन चुका होत्या."

बायकोने तोवर फोन लावलाही होता. पलीकडून डॉक्टरबाई भराभर सांगत होत्या आणि ती मोठ्याने म्हणत होती, "हो, आत्ताच निघतो... नाही, त्रास दिसायची वाट बघत नाही... उलटी करवत नाही, काही पाजत नाही... हो, गोळ्यांचं खोकं घेऊन येतो."

मॅनेजरला झाकणाच्या टोपलीत घातलं आणि गाडी निघाली. बायको चालवत होती. टोपली भिंगवाल्यांच्या मांडीवर होती. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतायत का, तोंड सुजतंय का, धाप लागतेय का, ते बघत राहा, असं बाईंनी सांगितलं होतं. भिंगवाल्यांनी खिशातून भिंग काढलं. एरवी 'तुझं मांजर माझ्या कागदांवर बसलंय' असं ओरडणारा हा गृहस्थ प्रत्येक सिग्नलला टोपलीत तोंड घालून "दाखव गं बाळा, दात दाखव" म्हणत होता. बाळाने दात दाखवले, पण ते त्यांच्या नाकाला.

त्यांना रडू येत होतं. मनातल्या मनात ते मॅनेजरची माफी मागत होते. रोज सकाळी तपासायच्या कागदांवर ही बया पसरायची आणि तिला उचलून बाजूला ठेवल्याशिवाय दिवस सुरू व्हायचा नाही. उद्या कागद नुसतेच पडलेले असले तर?

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मॅनेजरला टेबलावर घेतलं, हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावली.

"किती वाजता दिली?"

"दोन वाजून दहा मिनिटांनी."

"म्हणजे अडीच तास होऊन गेले. अहो, माणसाचं यकृत ही गोळी पचवतं, मांजराचं नाही पचवू शकत. गोळीच्या तुकड्यानेसुद्धा मांजर जातं. माणसांच्या दुखण्याच्या बाकीच्या गोळ्याही तितक्याच वाईट, मूत्रपिंडं निकामी होतात. वजनाने माणूस लहान करून मांजर होत नाही."

"अर्धीच—"

"तेच सांगतेय मी."

भिंगवाले स्टुलावर बसले. डॉक्टरबाईंनी सुईची तयारी करता करता खोकं मागितलं. आतलं पाकीट बाहेर ओढलं, उलटं केलं, आणि थांबल्या. मग खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचलं.

"हे कुठून आणलंत तुम्ही?"

"आमच्या छापखान्यातून. का?"

"यावर छापलंय, 'केवळ यंत्रचाचणीसाठी. यात औषध नाही.'"

ती ओळ भिंगवाल्यांना चांगलीच आठवत होती. ती दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर आहे की नाही, हे त्यांनी स्वतः पट्टी लावून तपासलं होतं. कड अर्ध्या मिलिमीटरने चुकली म्हणून सगळी छपाई परतही पाठवली होती.

"मला खात्री हवी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत काय असतं, कुणाला विचारता येईल?"

भिंगवाल्यांनी छापखान्यातल्या मशिनमनला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"अरे, घोटाळा झालाय. मी मॅनेजरला गोळी दिली!"

"बरं केलंत. डोकं दुखत होतं का त्यांचं?"

"डोकं नाही रे, पाय! सकाळी फ्रिजवरची उडी चुकली!"

पलीकडून अगदी दबक्या आवाजात प्रश्न आला, "साहेब फ्रिजवर कशाला चढले?"

बायकोने फोन हिसकावून घेतला आणि दोन वाक्यांत प्रकरण समजावलं. मशिनमन खो खो हसत सुटला. "वहिनी, खोक्यात पाकीट नीट बसतं का बघायला कंपनी त्या गोळ्या पाठवते. नुसतं पीठ असतं त्यात, स्टार्च नि खडू. यांना सांगितलं होतं की मी, फेकून द्या म्हणून. म्हणाले, चांगल्या गोळ्या आहेत, घरी नेतो."

भिंगवाल्यांनी डोळे मिटले. छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि उतरता उतरता पायावर पडला होता, तरी त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी मॅनेजरच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिने तो, प्रसंग ओळखून, फक्त एकदाच ओरबाडला. डॉक्टरबाईंनी सुई खाली ठेवली. तासभर इथे ठेवून हिरड्या आणि श्वास बघते, म्हणाल्या, पण त्यांच्याही चेहऱ्यावर हसू होतं.

"थांबा," बायको एकदम म्हणाली. "त्या खणातलं सगळं असलंच आहे? माझ्या डोकेदुखीला आठ वर्षं तुम्ही हेच देताय?"

"पण थांबायची ना?" भिंगवाल्यांनी क्षीण प्रयत्न केला.

"थांबायची. कारण मला गोळी दिली की तुम्ही तासभर खोलीत बोलायला यायचा नाहीत."

तासाभराने हिरड्या गुलाबीच्या गुलाबी होत्या. पायाचं हाड मोडलेलं नव्हतं, साधी मुरगळ होती. डॉक्टरबाईंनी मॅनेजरचं वजन केलं, मांजरांसाठीच असलेलं पातळ औषध एका छोट्या बाटलीत भरलं, दिवसातून किती थेंब नि किती दिवस, ते बायकोला समजावलं. मग बाटलीवर चिठ्ठी चिकटवून तिच्यावर पेनाने काहीतरी लिहिलं.

भिंगवाल्यांनी सवयीने बाटली हातात घेतली, भिंग लावलं आणि चिठ्ठी वाचली. मग पुन्हा एकदा, अक्षर न् अक्षर, सावकाश वाचली.

"लहान मुले आणि यजमान यांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे."

त्यात एकही चूक नव्हती.