शिदाप्पा मापाड्यांचा पूल

शिदाप्पा मापाडी गावाबाहेर मुक्कामाला कधीच राहत नसत. लग्न असो, मयत असो, सोसायटीचं काम असो, दिवस मावळायच्या आत ते आमच्या फाट्यावर उतरलेले असायचेच. एकदा एका मित्राच्या मुलाचं लग्न लागायला फार उशीर झाला. परतीची बस निघायची वेळ झाली, तेव्हा हे अक्षता मुठीत घेऊनच बसमध्ये जाऊन बसले आणि वाटेत अंदाजानं खिडकीतून बाहेर टाकल्या. कंडक्टरनं विचारलं, "हे काय अप्पा?"

"लागलं असंल आता," शिदाप्पा म्हणाले.

गावानं यावर पुष्कळ तर्क लढवले होते. कुणी म्हणे, घरात सोनं पुरलंय. पण घर म्हणजे एक खोली, आणि तिच्या दाराला कडीसुद्धा नव्हती. कुणी म्हणे, नागाचा काही प्रकार आहे. सोसायटीनं त्यांना तालुक्याच्या मोठ्या गोदामावर बढती देऊ केली, तीही त्यांनी नाकारली. "इथं कोण बगंल?" एवढंच म्हणाले. काय बघायचं, ते कुणाला कळलं नाही.

आमचं गाव नळदुर्गच्या पुढं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यापासून थोडं आत. शिदाप्पा तिथल्या सहकारी सोसायटीचे मापाडी, म्हणजे धान्य, बी, खत वजन करून घेणारे आणि वजन करून देणारे. एकटा जीव. उंच, वाकलेले, कानावर कायम पोती शिवायची दाभण खोचलेली. कुणी काही बोललं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "वजन करून बोल." तलाठ्यालाही हेच, पोरालाही हेच.

मी त्यांना नीट ओळखू लागले ते बहात्तरच्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं. बायाबापड्या दिवसभर माती वाहत, खडी फोडत, आणि तिथल्या पाळणाघराचं सरकारी काम माझ्याकडे होतं. तान्ही मुलं झोळीत टाकता येत. प्रश्न मोठ्या मुलांचा होता. ती सुरुंगाच्या जागेभोवती हिंडायची. एक दिवस उडालेला दगड एका पोराच्या टोपीला चाटून गेला आणि माझी झोप उडाली.

मी सोसायटीच्या चेअरमनकडे, अण्णांकडे गेले. पीकच नसल्यानं गोदाम रिकामं पडलं होतं. जाड भिंती, शहाबादी फरशी, आत गारवा. "खताच्या गाड्या येईपर्यंत वापरा, बाई," अण्णा म्हणाले. मी उन्हाळी शिबिराचं वेळापत्रक आखलं. प्रार्थना, सूर्यनमस्कार, पाढे, चित्रकला, स्वच्छता. वेळापत्रक चांगलं होतं. फक्त चित्रकलेला कागद नव्हते आणि सूर्यनमस्काराला मुलांच्या पोटात काही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी निम्मी मुलं परत सुरुंगाकडे गेली.

रिकाम्या गोदामात रिकामे बसलेले शिदाप्पा हे सगळं बघत होते. तिसऱ्या दिवशी मी आले तर ते चुन्याची वाटी घेऊन फरशीवर ओणवे झाले होते. गोदामाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्यांनी एक अख्खं राज्य काढलं होतं. डोंगर, जंगल, बुडालेलं शहर, दोन किल्ले, आणि मधून गेलेली नदी. नदी मात्र नुसती दोन रेघांची होती, आत कोरडी.

"नदी कुठं गेली?" एका मुलीनं विचारलं.

"धोंडासुरानं पिली. पाणीमहालाच्या खाली जाऊन बसलाय, पोट फुगवून."

नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल मुलांना माहीत होता. त्या वर्षी त्याच्यावरून पाण्याचा थेंब पडला नव्हता, हेही माहीत होतं. मुलं फरशीजवळ सरकली.

"आता आणायची कुणी?" शिदाप्पांनी विचारलं.

इथून तो खेळ सुरू झाला. प्रत्येकानं कुणीतरी व्हायचं. कुणी किल्लेदार, कुणी तिरंदाज, कुणी बहुरूपी. मारुती नावाचा एक उपद्व्यापी मुलगा म्हणाला, "मी तेरखेड्याचा दारूवाला. फटाके करनारा. दिसंल ते उडवनार." कमल म्हणून एक हडकुळी मुलगी होती, बौद्ध वस्तीतली. तिला विचारल्यावर बराच वेळ विचार करून म्हणाली, "मी वैद्यीण." प्रत्येकासाठी फरशीवर एकेक खूण ठेवली गेली. बटण, बाटलीचं झाकण, लाखेचा तुकडा. कमलनं आपलं फुटलेलं हिरवं काकण ठेवलं.

शिदाप्पा गोष्ट सांगत, मुलं आपापल्या माणसाच्या तोंडून बोलत, आणि अवघड काम आलं की फोडलेले चिंचोके फरशीवर टाकायचे. पांढरे जास्त पडले तर जमलं, काळे जास्त पडले तर फसलं.

"मी धोंडासुराला मारतो!" मारुती ओरडायचा.

"वजन करून बोल. कशानं मारतोस?"

"बारूदनं!"

"बारूद कुठनं आणलास? वल्ली का वाळली? बरं, ते ऱ्हाऊ दे. सकाळधरनं काय खाल्लास?"

"खेळात का खरं?"

"खेळात."

"काय न्हाय."

"मग उपाशीपोटी कसा मारतोस? आधी भाकरीचं बगा, दारूवाले."

त्यांच्या राज्यात भाकरी आणि पाणी बांधून घेतल्याशिवाय कुणालाही वेशीबाहेर पडता येत नसे. एकदा तर सगळं सैन्य दुपारभर चुलीसाठी सरपणच गोळा करत बसलं. एकदा जंगलातल्या राक्षशिणीनं वाट अडवली, तेव्हा किल्लेदारानं तिला सुकडी देऊ केली. दुष्काळी कामावर वाटायचे तीच. राक्षशीण म्हणाली, "रोज रोज तीच व्हय रे?" आणि मुलं हसून फरशीवर लोळली. शिबिरात हसण्याचा तो पहिला आवाज.

एक दिवस गावातले एक मोठे शेतकरी डोकावले. सगळ्या वस्त्यांची पोरं एकाच बारदानावर बसलेली पाहून त्यांनी कमलकडं बघत नाक मुरडलं. शिदाप्पांनी मान वर न करता सांगितलं, "बारदान सोसायटीचं हाय. तुमी सभासद, तिचा बापबी सभासद. कुनी उठायचं, ते सर्वसाधारण सभेत इचारा." गृहस्थ निघून गेले.

नियम दोनच. आपले चिंचोके आपल्या हातानं टाकायचे, दुसऱ्यानं टाकायचे नाहीत. आणि कुणी मागं राहिलं तर बाकीच्यांनी पुढं जायचं नाही. तिरंदाज खड्ड्यात पडला तर सगळे थांबणार. बहुरूप्याला ताप आला तर सगळे उशाशी बसणार. मारुती वैतागून म्हणायचा, "अप्पा, असं केलं तर आपन कवा पोचनार?"

"समदे पोचलो, म्हंजे पोचलो," शिदाप्पा म्हणायचे.

उन्हाळा सरत आला तेव्हा सगळे जण पाणीमहालाअलीकडच्या शेवटच्या पुलावर पोचले होते. तो पूल म्हणजे एक म्हातारा अजगर. आजारी पडलेला. त्याला वैद्यिणीनं बरं केलं तर तो पाठीवरून पलीकडे नेणार, नाहीतर सगळ्यांना घेऊन खाली कोसळणार. आता डाव कमलचा होता. आणि दुसऱ्या दिवशी कमल आलीच नाही.

कामाची मजुरी रखडली होती. तिच्या आईला उमरग्याला एका ढाब्यावर काम मिळालं, आणि मायलेकी पहाटेच्या एका ट्रकमधून निघून गेल्या होत्या. हिरवं काकण पुलावर राहिलं.

शिदाप्पांनी खेळ थांबवला. मुलांनी एक दिवस ऐकून घेतलं. मग कुरकुर सुरू झाली. त्यातच अण्णांचा निरोप आला की खताच्या गाड्या दोन-तीन दिवसांत येतील, गोदाम मोकळं करा. फरशीवर पोती पडली की राज्य संपलं.

"तिच्या वाटचे मी टाकतो की!" मारुती रडकुंडीला आला होता.

"न्हाय. आपल्या हातानं."

मलाही वाटलं, इतक्या दिवसांच्या कष्टाला शेवट मिळाला पाहिजे. मी म्हटलं, "अप्पा, वैद्यीण औषधी मुळ्या आणायला डोंगरात गेली, असं सांगा ना. गोष्टच तर आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, ती मुळ्या आणाय गेली न्हाय. भांडी घासाय गेलीय. पोरास्नी ठावं हाय." मग विचारलं, "उमरग्याची बस किती वाजता हाय?"

मला पाळणाघरासाठी दुधाची भुकटी आणायला उमरग्याला जायचंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं निघालो. शिदाप्पांनी चिंचोके एका फडक्यात बांधून घेतले होते. बसमध्ये बसल्यापासून ते परतीच्या बसची चौकशी करत होते. कंडक्टर शेवटी म्हणाला, "अप्पा, आधी जाऊ तर द्या मला!"

माझं काम उरकून आम्ही ढाब्यावर पोचलो. मागच्या अंगाला भांड्यांचा ढीग होता आणि ढिगामागं कमल. राखेनं हात कोपरापर्यंत पांढरे. आम्हाला बघून ती उठू लागली, तोच आतून मालक ओरडला, "ए पोरी, गिऱ्हाईक खोळंबलंय! भांडी आण!"

शिदाप्पा म्हणाले, "तुझं होऊ दे. आमी बसतो."

ते एका दगडावर टेकले. उन्हं कलली. घासलेलं भांडं आत जायचं आणि त्याच्या जागी दोन खरकटी यायची. तिची आई चुलीपुढून एकदा डोकावली, हात जोडले आणि परत आत गेली. शिदाप्पांचा एक पाय सारखा हलत होता, नजर रस्त्यावर होती. आमची बस समोर येऊन थांबली. कंडक्टरनं ओळखलं आणि हाक मारली, "अप्पा, चला! हीच शेवटची!"

मी उठले. शिदाप्पा उठले नाहीत. त्यांनी कंडक्टरला हातानंच खूण केली, जा म्हणून. मीही परत खाली बसले. बस धूळ उडवत निघून गेली, आणि ते वळणापर्यंत तिच्याकडे बघत राहिले. त्या माणसाला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

अखेर कमल हात पुसत आली. शिदाप्पांनी जमिनीवर फडकं उलगडलं. "वैद्यीणबाई, रामराम. समदी मंडळी पुलावर हाईत. अजगराचा ताप वाढलाय. तुमचा डाव."

"अजून थांबलेत?" तिनं विचारलं.

"मग? तुमास्नी सोडून जातील व्हय?"

"मारत्याबी?"

"मारत्याबी. लई बोंबलायलाय, पन थांबलाय."

तिनं चिंचोके उचलले. मूठ हलवली. शिदाप्पा वाकून बघू लागले. पण मूठ काही उघडेना. तिच्या कपाळावर आठी पडली. काहीतरी हिशेब चालला होता.

"अप्पा, म्या आता टाकलं की मंडळी फुडं जानार ना?"

"पांढरे पडले तर जातील."

"आन् न्हाय टाकलं तर?"

वाकलेले शिदाप्पा सरळ बसले.

तिनं चिंचोके परत फडक्यात ठेवले, एकेक करून. "मग मी आल्यावर टाकते. थांबतील ना तवर?"

आतून पुन्हा हाक आली. शिदाप्पांनी फडक्याला गाठ मारली. "थांबतील," ते म्हणाले.

परत येताना एका ओळखीच्या ट्रकवाल्यानं आम्हाला केबिनमध्ये घेतलं. दिवस बुडत होता. शिदाप्पा काचेतून रस्ता बघत होते. मी विचारलं, "अप्पा, तुम्ही बाहेर मुक्काम का करत नाही?"

काचेवरची नजर न काढता ते म्हणाले, "मी ह्या गावचा न्हाय, बाई. लहान हुतो. आमच्या लोकांच्या बैलगाड्या काम धुंडत चालल्या हुत्या. मला ताप भरला. गावच्या नाल्यावरल्या पुलापाशी एका गोठ्यात निजवलं मला. माय म्हनली, बरा हो, माघारी येताना घेऊन जातो."

"मग?"

"मग काय. बरा झालो."

ट्रकवाल्यानं दिवे लावले. शिदाप्पा पुढं म्हणाले, "संध्याकाळी आले आन् मी नसलो तर काय म्हनतील? म्हातारी झाली असंल. असली तर."

फाट्यावर उतरलो तेव्हा अंधार पडला होता. ते माझ्याआधी, जवळजवळ धावतच, गावाकडं निघाले.

सकाळी त्यांनी मुलांना सगळं सांगितलं. वैद्यीण परत आल्यावर आपला डाव टाकणार. तोवर पूल ओलांडायचा नाही. आता गोंधळ होणार म्हणून मी तयारीत होते. मारुतीचं तोंड पडलं. तो पुलावरच्या काकणाजवळ जाऊन बसला. मग म्हणाला, "मग पुलावर चूल मांडू या. ती आल्यावर तिला भूक लागंल."

शिदाप्पांनी चुन्याची वाटी त्याच्याकडं सरकवली. मारुतीनं हिरव्या काकणाशेजारी तीन दगडांची चूल काढली.

दुसऱ्या दिवशी खताच्या गाड्या आल्या. हमाल थप्प्या लावू लागले आणि शिदाप्पा मधोमध हात पसरून उभे राहिले. संध्याकाळी अण्णा बघायला आले. गोदाम भरलं होतं, पण मध्ये विहिरीसारखी मोकळी जागा सुटली होती.

"अप्पा, ही जागा कशाला सोडली?"

"हवा खेळाय पायजे, अण्णा. खत दमट हुतंय."

अण्णा अंग चोरून थप्प्यांमधून आत गेले. तिथं फरशीवर अजगराचा पूल होता, बटणं, झाकणं, लाखेचा तुकडा, एक चूल आणि हिरवं काकण. त्यांनी बराच वेळ खाली बघितलं. "व्हय," ते म्हणाले, "हवा तर पायजेच." आणि काही न तुडवता बाहेर आले.

पुढं माझी बदली होईपर्यंत मी बघत होते. गोदामाला कुलूप लावण्याआधी शिदाप्पा कानावरची दाभण काढून ठेवायचे, चुन्याची वाटी घ्यायचे, आणि पोत्यांमधून वाट काढत आत जाऊन पुसट झालेल्या पुलाच्या रेघा पुन्हा ओढून यायचे.