गिरधर पाटील सावदेकर यांच्या गालांची हकीकत

श्रीगजाननचरणी मस्तक ठेवून, घडले तेवढेच लिहावे आणि पदरचे काही घालू नये ऐसा निश्चय करून, शके अठराशे पंचाहत्तर, विजयनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, खानदेश प्रांती कसबे सावदे येथे जी मोहीम जाहली तिची हकीकत लिहितो. थोरांनी किल्ले घेतले त्यांच्या बखरी बहुत आहेत. गालाची बखर कोणी लिहिली नाही, सबब आम्हांस बसावे लागले.

राजश्री गिरधर पाटील, उमर तेवीस, केळीचे बागाईतदार, स्वभावे गरीब, यांची सुपारी एरंडोलचे जीवराम पाटील यांची कन्या कमल इजशी फुटली होती. गिरधररावांनी मुलीस एकदाच, पद्मालयाच्या देवळी, अर्धी घटका पाहिले होते, आणि तेव्हापासून बागेस पाणी देताना एकाच वाफ्यात पाणी सोडून उभे राहत आणि वाफा फुटून पायांखालून ओहोळ गेला तरी त्यांस उमज पडत नसे. ऐशात थंडी मनस्वी पडली आणि गिरधररावांचे गाल कोरडे पडून त्यांवर पांढरे पापुद्रे सुटले. नेमके त्याच दिवसांत मुलीचे चुलते झुलाल नाना कामानिमित्त सावद्यास आले, आणि त्यांनी जावयास लांबून न्याहाळिले, आणि एरंडोली जाऊन खबर दिली की मुलाच्या तोंडावर गजकर्ण आहे. मग जीवरामरावांचा खलिता आला की येत्या सोमवारी समक्ष येऊन पाहू, रोग निघाल्यास सुपारी परत. मुदत आठ रोजांची.

चुलीपाशी मसलत बसली. वहिनीसाहेब मंदाबाई यांनी हुकूम फर्माविला की बेसनात लिंबू पिळून रोज दोन वक्त तोंड घासावे. औषध अनुभवाचे होते, कारण वहिनीसाहेबांचे यजमान निंबा पाटील यांचे तोंड बारमाही तेलकट आणि बेसन-लिंबाने ते लख्ख होई. परंतु एका मातेच्या उदरी जन्मले म्हणून दोघा भावांची कातडी एक असत नाही, हा विचार मसलतीत कोणी मांडिला नाही. तीन रोज बेसन चालले, आणि गिरधररावांचे तोंड ऐसे आवळले की हसण्याची सोय राहिली नाही, आणि पापुद्रे दुप्पट जाहले. पहिली फौज शिकस्त खाऊन परतली.

चौथे दिवशी मुंबईहून मामेभाऊ पंडितराव यांचे कार्ड आले. पंडितराव मुंबईस एका कचेरीत कारकून, आणि शिकले-सवरलेले, म्हणून गिरधररावांनी त्यांस आधीच लिहून सल्ला पुसला होता. कार्डात मजकूर की कोरड्या कातडीस दादरचे उटणे उत्तम, तेच लावावे. आता दादर म्हणजे काय हे सावद्यात पाळण्यातल्या पोरास ठाऊक. रब्बीची पांढरी टपोरी ज्वारी ती दादर, आणि तिची भाकर नाही ऐसे घर गावात नाही. मुंबईकर जाहला तरी पोर गावची दादर विसरला नाही, ऐसे म्हणून मंदाबाईंचे डोळे भरून आले. मग कोठीतून दादर काढिली, आणि उटणे अंगास लागले पाहिजे म्हणून जात्यावर भरड दळिली, आणि दोन रोज ती भरड गिरधररावांच्या गालांवर चालविली. दुसरे दिवशी डाव्या गालातून रक्त आले.

शनिवारी पंडितराव जातीने दाखल जाहले, आणि पाहतात तो गाल सोललेले.

"हे काय लावलं रे?"

"दादर. तूच लिव्हलं ना," निंबा पाटील बोलले.

पंडितरावांनी कपाळावर हात मारिला. "अरे, दादर म्हणजे मुंबईतलं दादर! तिथल्या दुकानात उटणं मिळतं ते!"

मंदाबाई म्हणाल्या, "मंग तसं लिवाचं ना, बापा! सावद्यात दादर म्हनल्यावर आमी काय समजाव?"

तेव्हा गिरधरराव हळूच म्हणाले, "वहिनी, सुपारी परत गेली तं मी काय करू?" हे ऐकून मंदाबाईंनी हातातले भांडे खाली ठेविले, आणि पायांत वहाणा न घालिता तशाच बेबाबाईंकडे निघाल्या.

बेबाबाई या गल्लीतल्या यच्चयावत पोरांस न्हाऊ घालणाऱ्या, आणि गिरधररावांसही त्यांनीच न्हाऊ घातले होते. त्यांनी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळविले, कपाळावर बोट फिरविले, नाकावर फिरविले, गालाशी थांबल्या, आणि बोलल्या ते ऐसे की, "पह्यले तोंड पाहाव, मंग पीठ काढाव. निंब्याचं तोंड तेल सोडते, त्याले बेसन लाव. याचं तोंड तेल मागते. याले घासून काय निघीन, जीव?"

येणेप्रमाणे सरंजाम बदलला. त्या रोजी घासणे बंद, फक्त तिळाचे कोमट तेल, तेही तीनदा. रविवारी मसुरीचे पीठ दोन वेळा वस्त्रगाळ करून म्हशीच्या सायीत कालविले, आणि बेबाबाईंनी ते बोटाच्या पेराने, तान्ह्या लेकरास लावितात तसे, फिरविले, आणि कोमट पाण्याने उतरवून मऊ पंचाने टिपले. पापुद्रे बिनतक्रार गड खाली करून गेले. सायीवर मांजराचा डोळा होता, त्याचा बंदोबस्त पंडितरावांकडे होता आणि तेवढे काम त्यांनी चोख केले.

सोमवारी एरंडोलकर दाखल जाहले. झुलाल नानांनी चष्मा चढविला, अंगठा पाण्यात बुडवून एका गालावर फिरविला, मग दुसऱ्यावर, आणि अंगठा उन्हात धरून पाहिला.

"बठ्ठं तोंड साफ शे," ऐसा रोग नसल्याचा निवाडा देऊन त्यांनी चहाची बशी उचलिली.

तोच जीवरामराव उपरण्याने डोळे पुसून म्हणाले, "सुटनू रे बापा! पोरगी चार दिनथीन जेवत नही. म्हने, गजकर्ण व्हई ते मलम मी लाई दिसू, पन सुपारी पाछी लेऊ नका." म्हणजे गजकर्ण असले तरी मलम आपण लावू, पण सुपारी परत घेऊ नये, ऐसा मुलीचा हट्ट.

गिरधररावांचे दोन्ही गाल लालबुंद जाहले. झुलाल नाना पुन्हा चष्मा सावरून पुढे सरसावले, त्यांस मंदाबाईंनी हात धरून बसविले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. फत्ते कोणाचे नावे लिहावी याविषयी वाद पडला. मंदाबाईंनी बेबाबाईंचे नाव घेतले, आणि बेबाबाईंनी म्हशीचे, आणि पंडितरावांनी कोणाचेच घेतले नाही. गिरधररावांस पुसता ते एरंडोलच्या वाटेकडे पाहत राहिले. सबब आम्ही, जिने पीठ हाती घेतले नाही आणि सावदे पाहिले नाही, त्या चिरंजीव कमलचे नावे ही फत्ते रुजू केली.