अनंतभट वैद्यांच्या नावाशेवटी राहिलेल्या कोऱ्या जागेची हकीकत

श्री. उमटले अक्षर आणि न उमटली जागा, दोहोंस नमन करोन लिहितो. शके १९४०, विलंबीनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध सप्तमी, ऐन दोन प्रहरी किल्ल्यात आकांत जाहला. त्रिंबकपंत चिटणीस यांची कन्या सगुणाबाई, वय वर्षे नऊ, तीस बागेत डाव्या पायास सर्प डसला आणि विष चढो लागले, मग पेठेतून अनंतभट वैद्य औषध घेवोन धावत महाद्वारी आले. परंतु द्वार माणसाच्या हाती नव्हे, संगणकाच्या हाती. येणाराने कळफलकावर नाव लिहावे, संगणकाने पंतांनी लिहिलेल्या यादीशी ताडावे, अक्षरन् अक्षर जुळले तरच द्वार उघडावे, ऐसी आज्ञा. शहाणपण करणारे आम्हीच, बोलावे कोणास! वैद्यांनी नाव लिहिले आणि संगणक बोलिला, "यादीत नाही." मग पुन्हा लिहिले, आणिक एकवार लिहिले, उत्तर तेच. हैबतराव पहारेकरी कुऱ्हाडीने घाव घालो लागले, परंतु पोलादी द्वारास ओरखडा न उठे.

मग संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्या उमाबाई पारसनीस यांनी यादी उघडिली. नाव डोळ्यांस जैसेच्या तैसे दिसे. मग त्यांनी एकेक अक्षर मोजिले आणि शेवटी एक जागा कोरी निघाली.

"पंत, नावापुढे ही जागा कोणी सोडली?"

"मीच. आमचे वडील हर नावापुढे बोटभर जागा राखीत. थोरांच्या नावास खेटोन काही लिहू नये, मान राहतो."

"संगणकास मान कळत नाही, पंत! तो कोऱ्या जागेसही अक्षरच मोजतो."

"मग छाटा हो बाई! पोर निळी पडली!"

बाईंनी घाईने हुकूम लिहिला की यादीत कोरी जागा दिसेल ती छाटावी, आणि संगणकाने मधलीही छाटली, आणि अनंतभट व वैद्य एकमेकांस चिकटले, आणि द्वार बंद ते बंदच. मग बाईंनी जुनी यादी परत आणिली आणि हुकूम नीट लिहिला की केवळ शेवटची छाटावी, मधलीस हात न लावावा. वैद्यांनी नाव लिहिले आणि द्वार उघडले.

सारांश, कोऱ्या जागेने दोन घटका खाल्ल्या. आता आज्ञावली हर नावाशेवटची कोरी जागा आपसूक छाटते. सगुणाबाई वाचल्या, डावा पाय मात्र कायमचा अधू जाहला. पंतांनी कोणास बोल लाविला नाही. कन्येस खांद्यावर घेवोन ते रोज किल्ला चढतात. पाहिले तैसे लिहिले.