लाल दिव्याला झेंडूचा हार

आमच्या इमारतीतले दिघेकाका जिन्याच्या वळणावरही थांबतात. उजवीकडे पाहतात, डावीकडे पाहतात, आणि कोणी उतरत नसल्याची खात्री झाल्यावरच पुढची पायरी चढतात. मी मागे असलो तर मलाही अडवतात. "थांबा, बघा, मग जा!" जिन्यात रिक्षा येत नाहीत, हे त्यांना सांगण्याचे धाडस माझ्यासारख्या भिडस्त माणसाला अजून झालेले नाही.

मुलुंडमधल्या आमच्या चौकाला सिग्नल नव्हता. तिथे एका स्कूटरने कुमुदकाकूंना, म्हणजे काकांच्या पत्नीला, पाडले. हाड जुळले, पण काकूंनी रस्ता ओलांडणेच सोडले. त्यांची बहीण शालन समोरच्याच इमारतीत राहते. दोघी आपापल्या गॅलरीत उभ्या राहून, एकमेकींकडे पाहत, फोनवर बोलत.

काकांनी सिग्नलचा ध्यास घेतला. वॉर्ड ऑफिस झाले, पोलीस चौकी झाली. लग्नात आहेर देतानाही ते नवरदेवाला विचारत, "ट्रॅफिकमध्ये कोणी ओळखीचं?"

अखेर ऐन नवरात्रात सिग्नल बसला. दसऱ्याला लोकांनी आपापल्या गाड्या पुजल्या. काकांनी स्टूल नेऊन सिग्नल पुजला. हळदकुंकू, नारळ आणि झेंडूचा भरघोस हार. त्या हाराने नेमका लाल दिवा झाकला, आणि चौकात पूर्वी कधी झाला नव्हता असा गोंधळ झाला.

"काका, आधी खाली उतरा!" हवालदार ओरडला. "लाल झाकलात ना! सगळी वाट लावली!"

त्याच संध्याकाळी काका काकूंचा हात धरून चौकात उभे होते. चालणाऱ्यांचा दिवा हिरवा झाला.

"चल."

"नको हो. पुढच्याला जाऊ."

असे बरेच हिरवे गेले. मग काकू निघाल्या. मध्यावर पोहोचतात तोच दिवा लाल. काकांनी हात वर केला. पहिल्या रिक्षावाल्याने इंजिनच बंद केले. "जाओ काका, आराम से."

पलीकडे शालनताई पदराने डोळे पुसत उभ्या होत्या.

आता काकू रोज संध्याकाळी बहिणीकडे जातात. काका त्यांना दारापर्यंत सोडतात आणि परत येऊन सिग्नलच्या खांबाशी थांबतात. परवा मी धीर करून विचारले, "काका, तुम्ही वर का जात नाही?"

"दोघींचं किती बोलायचं राहिलंय. मी कशाला मध्ये?"

"मग घरी तरी बसा. काकू निघताना फोन करतील."

समोरचा दिवा हिरवा झाला. काका हलले नाहीत.

"घरी करमत नाही रे. गॅलरीतून तिचं बोलणं ऐकू यायचं ना."