परग्रहवासी सभासदत्वाचा अर्ज, तीन प्रतींत

परमुलखातल्या पिपलानी या कारखान्याच्या वसाहतीत, तिथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत एका रविवारी उपासनेनंतरचा चहा गार झाला. त्याला कारण रिटायर्ड फोरमन शांतारामकाका. दुसऱ्या ग्रहांवर जीवसृष्टी असू शकते, असं पेपरात वाचून ते आले होते. बशीत चहा ओतता ओतता त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं, "तिकडं माणसं निघाली, तर प्रभू त्यांच्यासाठीही मेला असं धरायचं का?"

"देवाला ठाऊक," पाळकसाहेब म्हणाले. माणूस प्रामाणिक होता.

मंडळीचे सेक्रेटरी सुधाकरराव यांना हे उत्तर सोसवलं नाही. कारखान्याच्या आस्थापना विभागात सव्वीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. 'देवाला ठाऊक' असा शेरा मारून त्यांनी आजवर एकही फाइल वर पाठवली नव्हती. सोमवारी त्यांनी नवी फाइल उघडली, मंगळवारी समिती नेमली. टायपिंग येतं म्हणून इतिवृत्त लिहायला आपल्या मुलीला, कांचनला, बसवलं.

प्रश्न दिसतो तेवढा साधा नव्हता. आदामाचं पाप पृथ्वी युनिटात घडलेलं. त्याचा ठपका इतर युनिटांवर येतो का? येत नसेल तर त्यांना तारणाची गरजच नाही. येत असेल तर क्रूसावरचं एकच बलिदान साऱ्या युनिटांना पुरेल, की प्रत्येक ग्रहाने आपापला प्रस्ताव वेगळा पाठवायचा? रविवारी मुलांची शब्बाथ शाळा घेणाऱ्या वंदनाबाई म्हणाल्या, "प्रभू एकदाच मेला, सगळ्यांसाठी." शांतारामकाकांनी शंका काढली, की सर्क्युलरवर 'सर्व युनिटांना लागू' असं छापलेलं नसेल तर ते लागू होत नसतं. पाच बैठका झाल्या. सहावीत ठराव झाला: लागू.

ठराव झाला की अर्जाचा नमुना लागतोच. ग्रहाचं नाव. सूर्यापासून अंतर. हातांची संख्या, प्रभुभोजनाचा प्याला धरता येण्यापुरती. बाप्तिस्म्याचं पाणी अंगाला सोसतं का. वंदनाबाईंनी सुचवलं, "पंथाचा एक रकाना टाका की."

सुधाकरराव उभे राहिले. "बाई, कोट्यवधी मैल तुडवून आलेल्या जिवाला आपण दारात पंथ विचारायचा? देवानेच घडवलाय ना तो? मग झालं तर!" टाळ्या पडल्या. त्याच भरात त्यांनी आणखी एक कलम घातलं: अशा सभासदास मंडळीतल्या कोणत्याही घराण्याशी सोयरीक करण्याची मोकळीक राहील. शांतारामकाकांनी डोळे पुसले. कांचनने सगळं तीन प्रतींत टाइप केलं, आणि हे कलम तेवढं दोनदा वाचलं.

पुढच्या रविवारी पहिला अर्ज आला. नाव: उदय. ग्रह: पृथ्वी, मुक्काम मंडीदीप. सूर्यापासून अंतर: पंधरा कोटी किलोमीटर. हात: दोन. पाणी सोसतं, बाप्तिस्मा लहानपणीच झालेला. सोबत सोयरिकीच्या कलमाखाली जोडपत्र, त्यावर सही कांचनची.

"हा काय चावटपणा?" घरी येताच सुधाकररावांनी अर्ज टेबलावर आपटला.

"चावटपणा नाही, पप्पा. टेक्निशियन आहे, परमनंट आहे. आपल्याच नगर जिल्ह्यातला आहे. मला त्याच्याशी लग्न करायचंय."

"आडनाव काय?"

तिने सांगितलं. ते ऐकताच सुधाकररावांना तालुका, गाव, आळी आणि चर्च, चारही कळली. आजोबांच्या गावात मधे एक ओढा होता. अलीकडे आपली प्रॉटेस्टंट मंडळी, पलीकडे रोमन.

"रोमन आहे हा!"

"रोमन कॅथलिकही ख्रिस्तीच असतात ना?"

"ख्रिस्ती आहेत म्हणूनच तर! परका असता तर शिकवला असता. ह्यांना सगळं येतं, आणि सगळं चुकीचं येतं."

पोळ्या लाटता लाटता कांचनची आई, सिंधूबाई, म्हणाल्या, "अहो, चार हातांचा चालणार होता तुम्हाला. ह्याचे दोन कमी पडतात म्हणून अडलंय का?"

सुधाकररावांना वाईट वाटत होतं. पोरीवर त्यांचा जीव होता. त्यांनी अर्ज उलटसुलट तपासला. पंथाचा रकाना नव्हता, आणि तो कोणी टाकू दिला नाही हे इतिवृत्तात स्वच्छ लिहिलेलं होतं. पोरगा नियमात बसत होता. अखेर सव्वीस वर्षांचा अनुभव मदतीला धावला आणि त्यांनी शेरा लिहिला: 'अर्जदार पृथ्वीवरील असल्याचे आढळून आल्याने सदर सवलत लागू नाही. नामंजूर.'

"अपील कुणाकडे करायचं?" कांचनने विचारलं.

"समितीच्या सेक्रेटरीकडे."

"म्हणजे तुमच्याकडेच."

"रीतसर कर," ते म्हणाले.

तिने अपील केलं नाही. रजिस्टर लग्न करून ती मंडीदीपला गेली. पिपलानीहून बसने तासाभराची वाट. सुधाकररावांना ती अजून जमलेली नाही. दर रविवारी ते पहिल्या बाकावर बसून परग्रहवासीयांसाठी प्रार्थना करतात आणि शेजारची एक जागा राखून ठेवतात. कुणासाठी, ते कुणी विचारत नाही.

समोरच्या क्वार्टरमधले नागपूरचे श्रीकांतराव हे ऐकून पोट धरून हसले. "तुमच्यातही असतं का हो हे?" असं विचारून ते आपल्या मुलीची जाहिरात लिहायला बसले: जातीची अट नाही, पोटजात कळवावी.

तुम्हीही हसला असाल. हसावं. मात्र मुलाचं आडनाव वाचायचं राहून गेलं की काय, म्हणून मघाशी तुमची नजर एकदा मागे गेली होती. आणि सुधाकररावांचं तर तुम्ही पहिल्यापासूनच शोधत होतात. ते दोन्ही रकाने इथे मुद्दाम कोरे ठेवले आहेत. तुम्ही मनातल्या मनात जे भरलंत, ते तीन प्रतींत सादर करावं.