सुमित्राची न्याहारी

आटपाट नगर होतं. मिशिगनात होतं, ट्रॉय त्याचं नाव, आणि नळाला चोवीस तास गरम पाणी होतं. तिथे गुरुदत्त नावाचा इंजिनियर राहायचा. त्याची बायको कांचन, नऊ वर्षांची मुलगी वीणा, आणि चौऱ्याऐंशी साली वेंगुर्ल्याहून आलेली त्याची आई. ती आई म्हणजे मी.

गुरूचा साहेब, मिस्टर हॅन्ली, घर बदलत होता. मधले सहा आठवडे त्याचा खाऱ्या पाण्याचा फिश टँक आमच्या हॉलमध्ये येऊन बसला. त्यात एक ढोल्या मासा, चार रंगीत, आणि एक बोटाएवढा, निळ्या पट्ट्याचा. गुरूने मला बजावलं, "आई, ग्रीन कार्डच्या कागदांवर ह्याच माणसाची सही व्हायचीय. मासे मेले की सही गेली. तू फक्त बघायचं. हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "बरं." (माझ्या 'बरं'वर माझा मुलगा अजून विश्वास ठेवतो. एवढा शिकलेला!)

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पीत बघते, तर तो छोटा सरळ ढोल्याच्या तोंडात शिरला. मी कपबशी टाकून ओरडले, "गिळला! गुरू, गिळला रे!"

गुरू अर्ध्या दाढीने धावत आला. "अगं आई, तो क्लीनर फिश आहे. तो दुसऱ्यांचे दात साफ करतो, अंगावरचे किडे काढतो. तेच त्याचं काम."

"आणि त्याला खायला?"

"जे निघेल ते."

वेंगुर्ल्याला आमच्याकडे सुमित्रा धुण्याभांड्याला यायची. आधी तिच्यापुढे पेजेची वाटी, मग भांडी. उपाशी पोटी काम माझ्या सासूनेही कुणाकडून करून घेतलं नाही. (माझ्याकडून घेतलं, पण मी सून.) आणि इथे हा जीव उठल्यापासून परक्याचे दात घासतोय! मी त्याचं नाव सुमित्रा ठेवलं आणि न्याहारीच्या सोयीला लागले.

माझ्याजवळ सुका जवळा होता. कांचन पुण्याची, शाकाहारी. सुक्या मासळीच्या वासाने तिचं डोकं उठतं. म्हणून तो मी पापडाच्या डब्यात, पापडांच्या खाली दडवून आणला होता. चिमूटभर कुटला, ओला केला, बोटाला लावला आणि बोट पाण्यात घातलं. दोन दिवस सुमित्राने ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी टोचून गेली. आठव्या दिवशी काचेशी येऊन माझी वाट बघायला लागली. मग मला राहवेना. सकाळची न्याहारी, दुपारचं जेवण, आणि चार वाजता माझ्या चहाबरोबर तिलाही काहीतरी.

सहाव्या आठवड्यात सुमित्रा गोल झाली आणि कामावर यायची बंद झाली. ढोल्या तिच्यापुढे आ वासून उभा, आणि ही बया त्याला पाठ दाखवून माझ्या बोटाकडे बघतेय. बिचारा शेवटी दगडांवर अंग घासायला लागला. दोन खवले निघाले.

नेमकं शनिवारी गुरूने ते पाहिलं. "आई, हा असा का करतोय? दुपारी साहेब मासे बघायला येतोय!"

"हवा बदलली ना, म्हणून."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून कांचन आली. एका हातात पापडाचा डबा, दुसरा हात नाकावर.

"आई, हे काय आहे?"

"पापड."

"पापडांना डोळे असतात?"

मग सगळं सांगावं लागलं. गुरू मटकन सोफ्यावर बसला. "साहेबाच्या कामकऱ्या माशाला तू आळशी केलंस! कॅन्सल. ग्रीन कार्ड कॅन्सल. पुढच्या वर्षी आपण सगळे वेंगुर्ल्याला."

"तिथे जवळा ताजा मिळतो," मी म्हटलं. (बोलायला नको होतं.)

बेल वाजली. साहेब आत आला तो थेट टँककडे, आणि सुमित्रासमोर गुडघे टेकून बसला. मग इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. गुरूच्या कपाळावर घाम.

"काय म्हणतोय गं?" मी वीणाला विचारलं.

"आजी, ही इज सरप्राइज्ड. तो म्हणतो, हा फिश अजून अलाइव्ह कसा?"

साहेबाने आधी असे तीन आणले होते. दुकानातल्या कुठल्याच खाण्याला ते तोंड लावायचे नाहीत, नुसत्या दात घासण्यावर पोट भरायचं नाही, महिन्याभरात उपासमारीने जायचे. हा चौथा. ह्याचीही त्याने आशा सोडली होती.

गुरूने माझ्याकडे बघितलं. वीणा मध्येच ओरडली, "माय ग्रँडमा फीड्स हिम! विथ हर फिंगर!"

साहेबाने मला करून दाखवायला लावलं. सुमित्रा धावतच आली. साहेबाने मग डब्यात नाक खुपसलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "वंडरफुल!" कांचन उठून अंगणात गेली.

ढोल्याचं दुखणंही त्यानेच ओळखलं. वीणाकरवी मला सांगितलं, न्याहारी एकदाच. दोन दिवसांत सुमित्रा मुकाट्याने कामाला लागली.

सही झाली. पुढच्या वर्षी बर्फ वितळता वितळता ग्रीन कार्ड आलं, गुरूला बढती मिळाली, आणि कांचनने जवळ्याला राजीखुशीने गॅरेजमध्ये जागा दिली. साहेबाने सुमित्राला जेवताना फोटोत टिपलं होतं. तो फोटो मासे पाळणाऱ्यांच्या एका मासिकात छापून आला. मासा अख्खा आलाय, पट्टा अगदी निळाशार. माझं एकच बोट आलंय. खाली काय लिहिलंय ते वीणाने वाचून दाखवलं: 'वाळक्या काडीवरचं खाणं खाताना क्लीनर फिश.'