कमरेपर्यंत आलेला पाहुणा

शशांक खातूंच्या वेबसाइटवर जो कोणी येई तो देवरुखातल्या त्यांच्या ओटीवरच येई, आणि घरचं नेट मंद असल्यामुळे पायांपासून वर हळूहळू येई. साइट जुन्या रेडिओंच्या दुरुस्तीची होती, जिन्याखालच्या कॉम्प्युटरवर चालायची. पाहुणे दुपारपर्यंत पूर्ण होत, हवं ते वाचत आणि नमस्कार करून जात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

हा एक मात्र कमरेपाशी अडकला. काळी पँट, ओले बूट. शशांकच्या बायकोने, रेवतीने, त्याच्याभोवतीनं केर काढला. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

"अहो, काल ह्याचे बूट रस्त्याकडे होते ना? आज आपल्याकडे आहेत."

 शशांकनी नेट कंपनीला फोन लावला.

"कमरेपर्यंत आलाय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "लाइन बंद केली तर जाईल का?"

"नाही सर," पलीकडची बाई समजुतीने म्हणाली. "परत जायला आधी पूर्ण यावं लागतं. बंद केलंत तर आहे तेवढा तुमच्याकडे राहील. वेग वाढवून देऊ का?"

"म्हणजे लगेच येईल?"

"लगेच."

त्यांनी विचार करून कळवतो म्हटलं. संध्याकाळी हात आले. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. त्या मुठीत काय असेल, याचाच विचार दोघांच्या डोक्यात होता. जेवणही कुणाला गेलं नाही.

सकाळी रेवती म्हणाली, "असं अर्ध्या माणसाबरोबर नाही हो राहवत. होऊ दे एकदाचा पूर्ण."

शशांकनी वेग वाढवून घेतला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच माणूस पूर्ण उभा राहिला. चेहरा साधा, थकलेला. त्याने मूठ उघडली. ती रिकामी होती. रेवतीने सुटकेचा निःश्वास सोडला.

"माफ करा," तो म्हणाला. "माझ्यामुळे मागच्यांचा फार खोळंबा झाला."

"मागचे कोण?" शशांकनी विचारलं.

त्याने अदबीने बाजूला सरून जागा करून दिली. ओटीवर बूट उमटले, मग माजघरात, मग जिन्याच्या प्रत्येक पायरीवर, आणि डोकी यायला आता मुळीच वेळ लागत नव्हता. दोघं भिंतीला टेकली. शशांकनी रेवतीचा हात धरून दाराकडे पाहिलं. दारापर्यंत जायला जागा उरली नव्हती.

"चप्पल-बूट तेवढे बाहेर काढा," रेवती म्हणाली.

सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं.